मेपल नको, माती बघा: कोकणातल्या अंगणात शोभेचं झाड लावताना आणि हलवताना

गावाकडे नवं घर बांधलेल्या किंवा मुंबई-पुण्याहून कायमचं परतलेल्या मंडळींचा एक प्रश्न हल्ली ठरलेला असतो: अंगणात मेपल लागेल का? पंजासारख्या पानांचं, शेंदरी-लाल होणारं ते जपानी झाड फोटोत फार देखणं दिसतं. उत्तर सरळ 'नाही' असं आहे. पण ते का नाही, हे समजून घेतलं तर त्या अंगणात काय लागेल याचा अर्धा उलगडा तिथेच होतो.

गंमत म्हणजे मातीची अडचण नाहीच. जपानी मेपलला किंचित आम्ल, पाण्याचा चांगला निचरा होणारी माती लागते. सामू (मातीच्या आम्लतेचा आकडा, म्हणजे पीएच; ७ च्या जितका खाली तितकी माती आम्ल) साधारण ५.५ ते ६.५. आपली जांभ्याची लाल माती बहुतेक ठिकाणी याच्याच आसपास असते. अडतं ते हवेपाशी. हे झाड थंडीत पानं गाळून झोपतं आणि ती झोप पुरी झाली नाही तर वसंतात नीट फुटत नाही. रत्नागिरी-मालवणची जानेवारीतली रात्रही साधारण १८-१९ अंशांची. त्यात खारा वारा आणि मार्चपासूनचं ऊन त्याची पातळ पानं कडेकडेने करपवतं. भारतात मेपल बघायचे तर काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात जावं. (काश्मीरचा चिनार मेपल नव्हे, पान सारखं दिसतं इतकंच.) आणि ऑनलाइन मिळणाऱ्या 'निळ्या मेपल'च्या बियांवर एक रुपयाही घालवू नका. निळ्या पानांचा मेपल जगात कुठेच नाही, तो रंग संगणकावर भरलेला असतो.

लाल पानांची हौस मात्र इथेही भागते, फक्त ऋतू उलटा. मेपल पानगळीआधी लाल होतो, आपली झाडं पालवी फुटताना लाल होतात. दोन्हीकडे रंगद्रव्य एकच, अँथोसायनिन. फाल्गुन-चैत्रात कोशिंब असा पेटतो की दुरून फुलला आहे असं वाटावं. नागकेशराची पालवी गुलाबी-लाल, रातांब्याची तांबूस, सीता-अशोकाची तांबट आणि लुळी. पिकलं पान लाल हवं असेल तर देशी बदाम आहेच. तेव्हा मेपलचा नाद सोडून मातीकडे वळू.

पायरी १: आपली माती नेमकी कुठली?

'कोकणची माती आम्ल' हे वाक्य अर्धंच खरं आहे. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. हे पाणी मातीतला चुना आणि मॅग्नेशियम धुऊन नेत आलं. मागे उरली लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. म्हणून माती लाल आणि म्हणूनच आम्ल. पण समुद्रापासून वर चढत गेलात तर एकाच गावात तीन-चार वेगळ्या जमिनी लागतात.

सड्यावरची (कातळी पठारावरची) आणि डोंगरउताराची जमीन ही खरी जांभ्याची. वर वीतभर माती, खाली कातळ. सामू ५ ते ६.५ च्या दरम्यान, पाणी धरून ठेवत नाही, उन्हाळ्यात विटेसारखी तापते. खाली वाडीतली किंवा आगरातली, म्हणजे घराजवळच्या बागायतीतली, माती पिढ्यान्‌पिढ्या पातेरा (गळलेला पाला), शेणखत आणि शिंपण खाऊन मऊ झालेली. सामू बराचसा मध्यम. शोभेच्या झाडाला याहून सोपी जागा नाही. त्याही खाली किनाऱ्यालगत पुळणीची वाळू. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुना, म्हणजे सामू ७.५ च्या वर. लाल मातीसाठी लिहिलेला सल्ला इथे लागू पडत नाही. आणि खाडीकाठचं खाजण तर भरतीच्या पाण्याचं. तिथे बागेचा विचारच नको.

पाचवी माती मात्र माणूस स्वतः तयार करतो आणि नव्या घरांना खरा त्रास तिचाच होतो. बांधकाम संपलं की उरलेलं सिमेंट, गिलाव्याचा चुरा, फरशांची खडी, चुन्याच्या गोण्यांचा गाळ, सगळं जोत्याभोवती ढकलून वर डंपरभर लाल माती पसरली जाते. वरून बघणाऱ्याला वाटतं छान लाल माती आहे. खाली चुना. पावसाचं पाणी भिंतीवरून, ताज्या गिलाव्यावरून उतरतं तेही चुना घेऊनच. मग भिंतीला लागून लावलेला इक्झोरा आणि अनंत पहिल्याच वर्षी पिवळा पडतो: कोवळी पानं फिकट, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक खत घालत राहतात. मातीत लोह भरपूर असतं, पण सामू चढल्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. यावर इलाज एकच: भिंतीपासून तीन-चार फूट सोडून लावा, आणि लावायच्या आधी पहारीने दोन फूट खोल खणून खाली काय गाडलंय ते डोळ्यांनी बघा.

एक झटपट चाचणी घरच्या घरी होते. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली तर तिच्यात चुना आहे, मग तो सिमेंटचा असो की शिंपल्यांचा. न फसफसली तर चुना नाही एवढंच कळतं. माती किती आम्ल ते कळत नाही. जास्वंदीच्या फुलाच्या रसाचा शाळेतला प्रयोगही असाच, आम्लात गुलाबी आणि अल्कात हिरवा. मुलांना दाखवायला छान, पण ५ आणि ६ मधला फरक त्यातून निघणार नाही. तो फरक तर महत्त्वाचा: सामूची मोजणी दहाच्या पटीत चालते. ५ सामूची माती ६ पेक्षा दहापट आम्ल असते आणि ७ पेक्षा शंभरपट.

पायरी २: नमुना काढणं

आकडा हवा असेल तर माती परीक्षण करून घ्या. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात, जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रांत आणि कृषी खात्याच्या प्रयोगशाळांत ते होतं. खर्च एखाद्या बऱ्या कुंडीहून कमीच. वेळ निवडा ती उन्हाळ्याची, शिमगा ते अक्षयतृतीया. माती कोरडी असते आणि पावसाळ्याआधी अहवाल हातात येतो.

जिथे झाड लावायचं तिथे पाच-सहा जागा धरा. वरचा पातेरा बाजूला करून इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा वीतभर खोल खड्डा खणा आणि त्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्या. झाडासाठी म्हणून त्याच खड्ड्यांतून दोन फुटांवरचा वेगळा नमुना घेतला तर उत्तम. जोत्याजवळची गाडलेली भानगड त्यातच सापडते. सगळी माती स्वच्छ घमेल्यात एकत्र करा, गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा, उन्हात नको. शेणाच्या उकिरड्याजवळची, खत घातलेल्या आळ्यातली किंवा कचरा जाळलेल्या जागेची माती घेऊ नका. राखेने सामू फसवा वर जातो. खताची गोणी नमुन्याला वापरू नका हे सांगायला नको, पण वापरतात.

सड्याची, वाडीची आणि जोत्याजवळची माती एकत्र करून एकच नमुना पाठवणं म्हणजे पैसे वाया. तीन जागा, तीन पिशव्या, तीन चिठ्ठ्या.

पायरी ३: आकडा आला, आता काय?

सामू ५.५ ते ६.८ च्या मध्ये आला तर काही करू नका. अगदी काही नाही. नवख्या माणसाला हे सर्वांत कठीण जातं.

५.५ च्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांची टोकं आखूड, जाड होतात. स्फुरदही लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतो. इथे चुना लागतो. पण पानाला लावायचा किंवा भिंतीला फासायचा नव्हे, तो दाहक असतो आणि मुळं भाजतो. शेतीसाठी मिळणारी चुनखडीची पूड किंवा डोलोमाइट घ्या. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियमही असतं, ते पावसाने धुपलेल्या आपल्या मातीला हवंच असतं. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्याच्या मातीला पाव ते अर्धा किलो पुरे. खड्डा भरायच्या तीन आठवडे आधी नीट मिसळा. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका, खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. स्फुरदासाठी अशा मातीत रॉक फॉस्फेट चांगलं लागू पडतं. हाडांचा चुराही चालतो, पण गावातली कुत्री रात्री खड्डा उकरून ठेवतात.

चुलीची राख हा आपला जुना उपाय, सामू वर नेणारा आणि पोटॅश देणारा. चाफ्याला, तामणीला दोन मुठी घातल्याने बिघडत नाही. इक्झोरा आणि अनंत यांच्यापासून मात्र ती लांब ठेवा, त्यांना आम्ल मातीच हवी.

७.२ च्या वर आकडा आला तर आधी कारण शोधा. सिमेंटचा चुरा असेल तर तो काढून टाकणं हाच उपाय. गंधक टाकून सिमेंटशी झुंजत बसणं फुकटचं काम. पुळणीची वाळू असेल तर सामू खाली आणायच्या फंदात न पडता त्या जागेची झाडं निवडा. भिंतीजवळचा इक्झोरा आधीच पिवळा पडला असेल तर तात्पुरतं म्हणून लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडं लिंबू पिळून संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरवड्याने परत. रंग येतो, पण मूळ दुखणं मातीतच राहतं. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

अहवालात 'विद्युत वाहकता' असा आणखी एक आकडा असतो, तोही वाचा. १ च्या खाली असेल तर ठीक. त्यावर गेला असेल तर मातीत क्षार आहेत, आणि बहुधा विहिरीच्या पाण्यातही. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. त्याच पाण्यावर उन्हाळाभर झाड पोसायचं असेल तर ते आधी कळलेलं बरं.

पायरी ४: जागेला साजेसं झाड

सड्यावर लावायचं तर माझी पहिली शिफारस अंजनी. कातळाच्या फटीत वाढणारं लहानसं सदाहरित झाड, उन्हाळ्यात फांद्याफांद्यांना बिलगून निळी-जांभळी फुलं येतात. नर्सरीत कुणी विचारत नाही याचं आश्चर्य वाटतं. कुडा, बहावा, कोशिंब, सुरंगी, बकुळ हेही जांभ्यावर तग धरतात. बकुळ सावकाश वाढते, पण खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही, म्हणून समुद्राकडच्या बाजूला तीच. सुरंगीला घाई चालत नाही, आणि बियांपासून केलेलं रोप नर निघेल की मादी हे आधी सांगता येत नाही.

वाडीत, जिथे शिंपण आहे, तिथे सोनचाफा, सीता-अशोक, अनंत, नागकेशर. सीता-अशोकाला सावली आणि ओल दोन्ही हवी. उघड्या अंगणात मधोमध लावून त्याची पानं भाजून घेऊ नका. वहाळाजवळ ओलसर जागा असेल तर तामण. महाराष्ट्राचं राज्यफूल ते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात जांभळं उभं राहतं तेव्हा का निवडलं हे सांगावं लागत नाही. पुळणीवर उंडी, भेंड, देशी बदाम.

जागा ठरवताना वर बघा, विजेची तार आहे का. खाली बघा, शोषखड्डा आणि विहीर किती लांब. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ ज्यांनी श्रीवर्धन-दिवेआगर-हरिहरेश्वर पट्ट्यात अनुभवलंय त्यांना झाड छपरापासून किती लांब हवं हे समजावायला नको. बाकीच्यांसाठी: पूर्ण वाढल्यावर झाड जेवढं उंच होईल तेवढं अंतर निदान नैऋत्येच्या बाजूला सोडा, कारण मोठा वारा तिकडूनच येतो आणि झाड घराच्या दिशेने पडतं.

पायरी ५: लावलेलं झाड हलवायचं ठरलं तर

गाडीच्या वाटेत आलं, भिंत वाढवायची, विहिरीचं काम निघालं. झाड हलवायची वेळ येतेच. आधी एक खरं बोलतो: खोड मनगटापेक्षा जाड असेल तर बहुतेक वेळा नवं रोप लावणं शहाणपणाचं. दहा वर्षांच्या झाडाला धक्क्यातून सावरायला जितका काळ लागतो तितक्यात नवं रोप त्याला गाठतं. बी पडून तिथेच उगवलेला कोशिंब किंवा नागकेशर कमरेपेक्षा उंच झाला असेल तर त्याचं सोटमूळ इतकं खोल गेलेलं असतं की ते तुटल्याशिवाय निघत नाही. सोनचाफ्याची मांसल मुळंही छेडछाड सहन करत नाहीत. बकुळ, तामण, अनंत, इक्झोरा ही त्या मानाने सोशिक. आणि पांढरा चाफा हलवायचा म्हणून कुणी खणत बसू नये. हातभर फांदी तोडावी, चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवावी आणि हवी तिथे रोवावी.

मोठं झाड असेल आणि नगरपरिषदेची हद्द असेल तर आधी परवानगी. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि झाड एका जागेवरून दुसरीकडे नेणंही त्यात येतं. ग्रामीण भागात आंबा, जांभूळ, ऐन, खैर यांसारख्या झाडांना हात लावण्याआधी वनखात्याकडे विचारून घ्या.

पायरी ६: वेळ

जपानात, युरोपात मेपल हलवतात तो थंडीत, पानं गळालेली आणि कळ्या मिटलेल्या असताना. झाड झोपेत असतं, पानांतून पाणी उडत नाही, तुटलेल्या मुळांवर ताण येत नाही. तत्त्व तेच, पण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत झाडं झोपत नाहीत आणि पुढे पाच महिने पाऊस नसतो. इंटरनेटवर वाचून डिसेंबरात हलवलेली बकुळ एप्रिलात वाळते ती यामुळे.

इथल्या सदाहरित झाडांचा मुहूर्त म्हणजे पावसाळ्याची सुरुवात. मात्र मृगाच्या पहिल्या सरीला फसू नका. वरची चार बोटं भिजतात, खाली जमीन तापलेलीच असते. तीन-चार चांगले पाऊस होऊन हातभर खोल ओल पोचली, हवा ढगाळ झाली की हलवा. साधारण जूनचा तिसरा आठवडा ते जुलैचा पहिला. त्यानंतर धो-धो सुरू झाला की थांबा; चिखलात मुळांभोवतीचा मातीचा गड्डा धरत नाही, फुटतो. तो मोका हुकला तर नारळी पौर्णिमेनंतर पाऊस ओसरतो तेव्हा दुसरी संधी असते. पण मग पुढे महिन्याभरातच ऑक्टोबरचं ऊन आहे आणि पाण्याची जबाबदारी सगळी तुमची. बहाव्यासारखं पानगळीचं झाड मात्र पानं गळून गेल्यावर, नवी पालवी येण्याआधी हलवता येतं, पाण्याची सोय असेल तर.

पायरी ७: मुळांची तयारी

हे काम आठ-नऊ महिने आधी सुरू होतं आणि नवखे लोक नेमकं हेच गाळतात. झाडाची पाणी पिणारी बारीक मुळं खोडाजवळ नसतात, लांब टोकाला असतात. एकदम खणून उचललं तर ती सगळी मागे राहतात.

खोडाची जाडी जमिनीपासून वीतभर वर मोजा. तिच्या दहा ते बारा पट व्यासाचं वर्तुळ आखा. खोड ४ सेंटिमीटर असेल तर वर्तुळ ४० ते ४८ सेंटिमीटर. पाऊस संपता संपता, सप्टेंबरात, या वर्तुळाच्या समोरासमोरच्या दोन पाव भागांवर धारदार फावड्याने फूट-दीड फूट खोल चर काढा. जाड मुळं कोयतीने किंवा करवतीने स्वच्छ कापा. फावड्याने ठेचलेलं मूळ कुजतं. चरात कुजलेला पातेरा आणि माती मिसळून भरा. दिवाळीनंतर उरलेले दोन पाव भाग. त्या उन्हाळ्यात झाडाला पाणी तोडू नका. कापलेल्या टोकांपाशी बारीक मुळांचं जाळं तयार होतं आणि जूनमध्ये गड्ड्यासोबत तेच तुमच्याबरोबर जातं.

पायरी ८: नवा खड्डा

एप्रिल-मेमध्ये खणून ठेवा, उन्हाने तापू द्या. खोली गड्ड्याच्या उंचीएवढीच, रुंदी दुप्पट. जास्त खोल खणून भर घातली की पावसात भर खचते आणि झाड खाली बसतं, खोड मातीत गाडलं जातं आणि साल कुजते.

जांभ्यात एक धोका खास आहे. कातळात कोरलेला खड्डा म्हणजे हौद. जुलैत तो भरतो आणि रिकामा होत नाही, झाड पाण्यात गुदमरतं. म्हणून खणून झाल्यावर चार कळशा पाणी ओता. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच दिसलं तर पहारीने तळ आणि उताराकडची बाजू फोडून वाट करा. कातळ दाद देत नसेल तर खड्ड्याचा हट्ट सोडा: चिऱ्यांचा तीन-चार फूट रुंद, दीड फूट उंच कठडा रचून त्यात माती भरा आणि झाड वर लावा. जुन्या घरांपुढचे पार काही नुसते बसायला बांधलेले नाहीत.

भरायला खणलेलीच माती, तिच्यात दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड. पेंड वाळवीसाठी. लाल मातीत वाळवी मेलेल्या मुळांवर येते आणि मग जिवंत मुळांकडे वळते. कच्चं शेण अजिबात नको, ते वाळवीला आमंत्रणच.

पायरी ९: हलवण्याचा दिवस

ढगाळ दिवस, शक्यतो दुपारनंतर. आदल्या दिवशी पाऊस नसेल तर भरपूर पाणी घाला. खोडावर उत्तरेकडच्या बाजूला खडूने खूण करा. नव्या जागी तीच बाजू उत्तरेला ठेवायची, म्हणजे सावलीतली साल एकदम पश्चिमेच्या उन्हात येत नाही. फांद्या सुंभाने सैल बांधून घ्या. सदाहरित झाडाची पाव ते एक तृतीयांश पानं विरळ करा, मोडक्या-दाट फांद्या काढा. शेंडा छाटून टुंडा करू नका.

जुन्या चराच्या चार बोटं बाहेरून खणायला घ्या, म्हणजे नवी बारीक मुळं गड्ड्यातच राहतील. खाली उतरत आत वळा आणि पहारीने तळ सोडवा. गड्डा झुकवून एका बाजूने खाली गोणपाट सरकवा, दुसऱ्या बाजूने ओढून घ्या आणि सुंभाने आडवं-उभं घट्ट आवळा. ४५ सेंटिमीटरचा ओला गड्डा ७०-८० किलोंच्या घरात जातो, तेव्हा तिघं-चौघं लागतील. उचलायचं ते गड्ड्याला धरून. खोडाला धरून उपसलंत की आतली मुळं तुटल्याचा आवाजही येत नाही. लांब न्यायचं असेल तर जुन्या फ्लेक्सवर ठेवून ओढा.

नव्या खड्ड्यात बसवताना खोडाचा बुंधा, जिथून मुळं फाकतात तो, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटं वरच असू दे. सरळ झालंय याची खात्री दोन बाजूंनी लांब उभं राहून करा. तागाचं गोणपाट वरून सैल करून खाली राहू दिलं तरी कुजून जातं. प्लास्टिकची गोणी आणि नायलॉनची दोरी पूर्ण काढा. माती थोडी थोडी टाका, पाणी ओता, काठीने ढोसून पोकळ्या भरा. पायाने दणकून तुडवू नका.

आता आळं. घाटावरची मंडळी झाड लावलं की लगेच भोवती खोलगट आळं करतात. कोकणात जून-जुलैत उलट करा: बुंध्याकडे उंच, बाहेर उतरता असा उंचवटा, आणि एका बाजूला पाणी जायला वाट. आळं करायचं ते पाऊस थांबल्यावर. आधारासाठी वाऱ्याच्या बाजूला आणि विरुद्ध बाजूला बांबू रोवा, गड्ड्यात खुपसून नव्हे, बाहेर. बांधायला रुंद कापडी पट्टी, खोड थोडं हलू शकेल इतकी सैल. जरा हललेलं खोडच जाड होतं.

पायरी १०: पहिलं वर्ष

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही पानं पिवळी होऊन गळतील. घाबरून खत घालू नका. नखाने सालीवर हलकी रेघ ओढा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, त्याला एकटं सोडा. रासायनिक खत पहिले सहा महिने नाही.

झाड मरतं ते पावसात नव्हे, ऑक्टोबरात. परतीचा पाऊस गेला की जांभ्याची माती पंधरा दिवसांत कोरडी होते आणि झाडाची मुळं अजून अर्धीच असतात. दसऱ्याला उंचवट्याचं आळं करा, त्यात पातेऱ्याचा वीतभर थर घाला, वर नारळाची सोडणं पालथी लावा, बुंध्यापासून चार बोटं सोडून. एक दिवसाआड १५-२० लिटर पाणी. रोजचं तांब्याभर पाणी वरची माती भिजवतं आणि मुळं वरच राहतात. गावाला नेहमी राहणं होत नसेल तर तळाला बारीक भोक पाडून वात बसवलेलं मातीचं मडकं आळ्यात गळ्यापर्यंत पुरा आणि शेजाऱ्याला आठवड्यातून दोनदा भरायला सांगा. पश्चिमेच्या बाजूला दोन झावळ्या उभ्या करा, होळीपासून पहिल्या पावसापर्यंत. गुरं मोकाट सुटतात तेव्हा काटेरी कुंपण हवंच. माकडांना तेही पुरत नाही, त्यांच्यासाठी खात्रीचा उपाय कुणाकडेच नाही.

पानं काय सांगतात ते बघत राहा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या: सामू चढलाय, भिंत किंवा चुना शोधा. जुनी, खालची पानं एकसारखी पिवळी: नत्र कमी, कुजलेलं शेणखत घाला. कडा करपलेल्या: कोरड किंवा क्षार. समुद्राकडून जोराचा वारा येऊन गेला असेल तर गोड्या पाण्याने पानं धुऊन काढली तरी बराच फरक पडतो.

दुसऱ्या पावसाळ्यात, झाडाने स्वतःची पालवी फोडली असेल तर बांबू काढा. आणि त्याआधी, वैशाखात, चुना घातलेल्या जागेचा मातीचा नमुना पुन्हा द्या. पाऊस चुना धुऊन नेतच असतो. सामू परत ५.५ च्या खाली घसरला असेल तर निम्म्या मापाने डोलोमाइट आळ्यात पसरून वरची माती हलकी चाळवा, ५.५ च्या वर असेल तर पिशवी बंद करून माळ्यावर ठेवा.